तटरक्षक दलातील वरिष्ठ अधिकारी घडतो कुठे : जहाजावर, किनाऱ्यावरच्या ठाण्यात की मुख्यालयात?

सागरवेध
लष्करी अधिकाऱ्यांच्या कारकिर्दीकडे पाहताना आपले लक्ष आधी पदकांकडे आणि शेवटच्या पदाकडे जाते. तटरक्षक दलाच्या अधिकाऱ्याबाबत मात्र त्याने कोणती जहाजे आणि कोणती ठाणी सांभाळली, हे आधी पाहावे असे मला वाटते. उदाहरण म्हणून मी कृष्णस्वामी नटराजन यांची कारकीर्द घेतो. १९८४ च्या जानेवारीत ते दलात आले आणि ३० जून २०१९ रोजी महासंचालक झाले. त्यांच्या अधिपत्याखाली आलेल्या जहाजांमध्ये ‘चांदबीबी’ ही लहान गस्तनौका, ‘कनकलता बरुआ’ ही वेगवान गस्तनौका आणि ‘वीरा’ व ‘संग्राम’ ही खोल समुद्रात गस्त घालणारी मोठी जहाजे आहेत. यांपैकी ‘वीरा’ माझगाव गोदीत बांधली गेली आणि ‘संग्राम’ गोवा शिपयार्डात. याखेरीज त्यांनी रामेश्वरजवळचे मंडपम ठाणे, दलाच्या रचनेतला तमिळनाडू जिल्हा आणि कोचीचे प्रशिक्षण केंद्र सांभाळले. २०१६ पासून महासंचालक होईपर्यंत ते मुंबईत पश्चिम विभागाचे प्रमुख होते.

या यादीत मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते मंडपम. पाल्कच्या सामुद्रधुनीत भारत आणि श्रीलंका यांच्यामधली सागरी सीमा इतकी जवळ आहे, की रात्री जाळे टाकायला गेलेली नौका सकाळपर्यंत परक्या हद्दीत गेलेली असू शकते. तिथल्या ठाणेप्रमुखाला एकाच दिवशी मासेमारांची समजूत घालावी लागते, तस्करीवर नजर ठेवावी लागते आणि शेजारी देशाच्या नौदलाशी संयमाने बोलावे लागते. मोठ्या जहाजाच्या ब्रिजवर, म्हणजे जिथून जहाज चालवतात त्या कक्षात, हे शिकायला मिळत नाही. म्हणून या दलाचा वरिष्ठ अधिकारी किनाऱ्यावरच्या अशा ठाण्यातच घडतो, असे माझे मत आहे. आपल्याला काय वाटते?

हर्णैकर
मासेमार कुटुंबातला असल्यामुळे मी आपल्याशी पूर्ण सहमत आहे. आमच्या बंदरात तटरक्षक दलाचा अधिकारी येतो तेव्हा त्याच्या खांद्यावरच्या पट्ट्या कोणी मोजत नाही. तो तांडेलांशी, म्हणजे मासेमारी नौकांच्या प्रमुखांशी, नीट बोलतो का आणि वादळाचा इशारा वेळेवर पोहोचवतो का, एवढेच पाहिले जाते. २०१७ च्या अखेरीस ओखी वादळ आले तेव्हा केरळ आणि तमिळनाडूच्या अनेक नौका भरकटत देवगड बंदरात आश्रयाला आल्या होत्या. त्या खलाशांना आपली भाषा येत नव्हती. नौका मोजणे, घरी निरोप पोहोचवणे, समुद्रात अजून कोण राहिले आहे याचा हिशेब लावणे, हे सगळे तटरक्षक दल, मत्स्यव्यवसाय खाते, पोलीस आणि गावकरी यांनी मिळून केले. आपण उल्लेखलेले नटराजन त्या वेळी पश्चिम विभागाचे प्रमुख होते. ज्याने मंडपमच्या मासेमारांमध्ये काम केले आहे त्याला देवगडला आलेल्या खलाशाची काळजी अधिक लवकर कळली असेल, असे मी मानतो.

नांगरधारी
मी या दलाच्या तांत्रिक शाखेतून निवृत्त झालो आहे आणि धाग्यातल्या मताशी आदरपूर्वक असहमत आहे.

ठाण्याचे महत्त्व मला मान्य आहे. परंतु अधिकारी घडतो तो समुद्रावर आणि तेही तरुणपणी. असिस्टंट कमांडंट म्हणून नव्याने जहाजावर आलेल्या मुलाचा पहिला मोठा टप्पा म्हणजे वॉचकीपिंगचे, म्हणजे पाळीवर जहाज सांभाळण्याचे, प्रमाणपत्र. ते मिळाले की पहाटेच्या अंधारात, कप्तान झोपलेला असताना, जहाज त्याच्या हाती असते. समोर दिसणारे दिवे मालवाहू जहाजाचे आहेत की मासेमारांच्या ताफ्याचे, हे त्याला ओळखावे लागते. ताफ्याचे असतील तर जाळी कुठवर पसरली असतील याचा अंदाज घ्यावा लागतो. कप्तानाला केव्हा उठवायचे हा निर्णयही त्याचाच असतो. उशिरा उठवले तर अपघात होतो आणि प्रत्येक वेळी उठवले तर तो अधिकारी अजून तयार झालेला नाही असे सगळ्यांना समजते.

त्यानंतर येते बोर्डिंग. उसळत्या पाण्यात लहान होडीतून परक्या नौकेवर चढायचे आणि कागदपत्रे, खण, इंधनाच्या टाक्या, माशांचा बर्फ असे सगळे तपासायचे, हे काम पुस्तकातून येत नाही. डेप्युटी कमांडंट किंवा कमांडंट या पदांवर पहिले स्वतंत्र जहाज मिळते तेव्हा ते बहुधा लहान असते. खरी परीक्षा तिथेच होते, कारण लहान जहाजावर कप्तानाला सल्ला देणारे फार थोडे असतात. लहान जहाजाकडून मोठ्या जहाजाकडे अशी चढती जबाबदारी ज्याच्या वाट्याला आली, त्यालाच पुढे उपमहानिरीक्षक आणि महानिरीक्षक पदांवर गेल्यावर समुद्रातल्या कप्तानाच्या अडचणी कळतात. चांदबीबीपासून संग्रामपर्यंतचा क्रम मला म्हणूनच मंडपमपेक्षा अधिक बोलका वाटतो.

वाचक_सांगली
एक साधी शंका आहे. तटरक्षक दल आणि नौदल यांच्या कामात नेमका फरक कोणता?

नांगरधारी
नौदल युद्धासाठी आहे. तटरक्षक दल शांततेच्या काळात समुद्रावर कायदा पाळला जावा, संकटातली माणसे वाचावीत आणि समुद्र स्वच्छ राहावा यासाठी आहे. दोन्ही संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत असली तरी तटरक्षक दलाला १९७८ चा स्वतंत्र कायदा लागू आहे. युद्धकाळात हे दल नौदलाबरोबर काम करते. किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतचा अनन्य आर्थिक क्षेत्राचा पट्टा वीस लाख चौरस किलोमीटरहून मोठा आहे आणि शोध व बचावाची जबाबदारी त्याहून कितीतरी दूरवर जाते. समुद्रात कोणी अडचणीत असेल तर १५५४ या क्रमांकावर दूरध्वनी करता येतो. किनारपट्टीवर राहणाऱ्या प्रत्येकाने हा क्रमांक लक्षात ठेवावा.

न्यायवाट
जहाज आणि ठाणे या वादात कायद्याची बाजू राहून जाते आहे. वरिष्ठ अधिकाऱ्याच्या अंगी पुरावा सांभाळण्याची शिस्त असावी लागते आणि ती फार थोड्या लोकांना दिसते.

१९९९ मध्ये ‘अलोन्ड्रा रेनबो’ हे जपानी मालकीचे जहाज ॲल्युमिनियमचे ठोकळे घेऊन इंडोनेशियातून निघाले आणि चाच्यांनी ते पळवले. मूळ खलाशांना तराफ्यावर सोडून देण्यात आले. जहाजाचे नाव बदलून ‘मेगा रामा’ करण्यात आले. नोव्हेंबरमध्ये ते अरबी समुद्रात आढळले तेव्हा तटरक्षक दलाच्या ‘ताराबाई’ने त्याचा पाठलाग केला आणि नौदलाच्या ‘प्रहार’बरोबर ते अडवण्यात आले. चाच्यांनी जहाजाला आग लावून ते बुडवण्याचा प्रयत्न केला होता, तरीही जहाज आणि त्यातला बराचसा माल वाचला. जगभर या कारवाईचे कौतुक झाले.

पुढची गोष्ट मात्र कोर्टातली आहे. मुंबईच्या सत्र न्यायालयाने २००३ मध्ये आरोपींना शिक्षा दिली आणि २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयातून ते सुटले. भारतात तेव्हा सागरी चाचेगिरीसाठी स्वतंत्र कायदा नव्हता. तो २०२२ मध्ये झाला. समुद्रात शौर्याने केलेली कारवाई न्यायालयात टिकावी यासाठी कायद्याचा आधार लागतो, तसेच पहिल्या क्षणापासून लिहिलेल्या नोंदी, मोजलेली स्थाननिश्चिती आणि नीट ताब्यात घेतलेल्या वस्तूही लागतात. हे भान असलेला अधिकारी जहाजावर घडतो की ठाण्यावर, याचे उत्तर मला एका बाजूने देता येत नाही. परंतु ज्या अधिकाऱ्याने साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहून उलटतपासणीला तोंड दिले आहे, तो पुढच्या वेळी नोंदवही वेगळ्या काळजीने लिहितो, हे मी जवळून पाहिले आहे.

हर्णैकर
मराठ्यांच्या राज्याचा संपूर्ण भार पेलणाऱ्या ताराबाईंचे नाव लावलेल्या जहाजाने हे काम केले, याचा मला फार अभिमान वाटतो. नटराजन यांचे ‘चांदबीबी’ही अहमदनगरच्या इतिहासातले नाव.

मृणाल_चेन्नई
मी अनेक वर्षांपासून चेन्नईत राहते. या दलाच्या कामाचा एक भाग इथे फार जवळून जाणवतो आणि तो म्हणजे तेलगळतीचा धोका.

सप्टेंबर २०२० मध्ये श्रीलंकेच्या पूर्वेला ‘न्यू डायमंड’ या तेलवाहू जहाजाच्या यंत्रकक्षात आग लागली. हे जहाज कुवेतहून पारादीपला निघाले होते आणि त्यात सुमारे दोन लाख सत्तर हजार टन कच्चे तेल होते. एक खलाशी मृत्युमुखी पडला. श्रीलंकेने मदत मागितली आणि आपल्या तटरक्षक दलाची जहाजे व विमाने तिकडे गेली. आग एकदा आटोक्यात आल्यावर पुन्हा भडकली, तरीही तेलाच्या टाक्या वाचल्या. त्या टाक्या फुटल्या असत्या तर श्रीलंकेच्या किनाऱ्याची आणि बंगालच्या उपसागरातल्या मासेमारीची किती हानी झाली असती, याची कल्पनाही करवत नाही. पुढच्याच वर्षी कोलंबोजवळ ‘एक्स्प्रेस पर्ल’ या कंटेनर जहाजाला आग लागली. तिथेही आपली जहाजे गेली, परंतु ते जहाज बुडाले आणि प्लास्टिकच्या बारीक गोळ्यांनी किनारे भरून गेले.

या दोन्ही घटना घडल्या तेव्हा नटराजन महासंचालक होते. त्यांनी शोध व बचाव, सागरी सुरक्षितता आणि बंदरांचे कामकाज या विषयांचे शिक्षण अमेरिकेच्या तटरक्षक दलाच्या यॉर्कटाउन येथील केंद्रात घेतले होते. जळत्या तेलवाहू जहाजावर पाणी कुठून मारायचे, फेस केव्हा वापरायचा, जहाज ओढून किनाऱ्यापासून किती दूर न्यायचे, हे निर्णय घेणाऱ्या माणसाला त्या विषयाचे शास्त्र माहीत असावे लागते. म्हणून जहाज आणि ठाणे यांच्या जोडीला विशेष शिक्षण ही तिसरी बाजू धरावी, असे मी सुचवते.

इतिहासमित्र
या चर्चेला एक मागची बाजू जोडतो. १९७०च्या दशकात समुद्रमार्गे सोन्याची आणि इतर मालाची तस्करी मोठ्या प्रमाणावर होत होती. के. एफ. रुस्तमजी यांच्या समितीने स्वतंत्र दलाची शिफारस केली आणि १ फेब्रुवारी १९७७ रोजी हंगामी स्वरूपात तटरक्षक दल उभे राहिले. सुरुवातीची साधनसामग्री म्हणजे नौदलाकडून आलेली ‘कृपाण’ आणि ‘कुठार’ ही दोन जुनी जहाजे आणि पाच गस्तनौका. व्हाइस ॲडमिरल व्ही. ए. कामत हे पहिले महासंचालक.

त्यानंतरची अनेक वर्षे महासंचालक प्रामुख्याने नौदलातून येत राहिले. २०१६ मध्ये राजेंद्र सिंग यांच्या रूपाने दलात थेट भरती होऊन वाढलेला अधिकारी प्रथमच सर्वोच्च पदावर बसला. त्यांच्यानंतर नटराजन, मग व्ही. एस. पठाणिया, राकेश पाल आणि एस. परमेश हे सर्व दलाच्या स्वतःच्या फळीतले आहेत. ज्या दलात तरुण अधिकाऱ्याला सर्वोच्च पद कधीच आपले होणार नाही असे वाटते, त्या दलाची उमेद खच्ची होते. त्यामुळे मला २०१६ हे वर्ष फार मोलाचे वाटते.

दीपस्तंभ
इतिहासमित्र यांच्या भावनेचा मी आदर करतो, पण सुरुवातीच्या काळात नौदलाचे अधिकारी आणणे ही गरज होती. १९७८ मध्ये या दलाकडे स्वतःचे अनुभवी अधिकारी होतेच कुठे? असिस्टंट कमांडंट म्हणून आलेल्या माणसाला संपूर्ण दल सांभाळण्याइतका अनुभव यायला तीन दशकांहून अधिक काळ लागतो. राजेंद्र सिंग १९८० मध्ये आले आणि २०१६ मध्ये महासंचालक झाले, हा हिशेब त्याच वास्तवाशी जुळतो. शिवाय प्रभाकरन पालेरी यांच्यासारखे अधिकारीही होऊन गेले. नौदलात सुरुवात करून ते तटरक्षक दलाचेच झाले आणि महासंचालकपदापर्यंत पोहोचले. आजही तटरक्षक दलाचे नवे अधिकारी एळिमला येथील नौदल अकादमीत प्रशिक्षण घेतात, त्यामुळे हे नाते तुटलेले नाही आणि तुटूही नये.

इतिहासमित्र
सुरुवातीच्या गरजेबद्दल आपले म्हणणे योग्य आहे. माझा आग्रह पुढच्या काळाविषयी आहे. ज्या अधिकाऱ्याचे सगळे आयुष्य बचाव, गस्त आणि प्रदूषण नियंत्रण यांत गेले आहे, त्याची पैसे कुठे खर्चावेत याची दृष्टी वेगळी असते. तेलगळती आवरण्यासाठी बांधलेली ‘समुद्र प्रहरी’सारखी जहाजे युद्धात फारशी उपयोगी नाहीत, परंतु मुंबईच्या तोंडावर २०१० मध्ये ‘एमएससी चित्रा’ची टक्कर होऊन तेल सांडले, तेव्हा अशा साधनांची किंमत आपण सर्वांनी पाहिली.

सुनंदा_रत्नागिरी
माझी मुलगी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि तिला या दलात जायचे आहे. रत्नागिरीत तटरक्षक दलाची विमाने दिसतात, त्यातूनच तिला ओढ लागली. महिला अधिकाऱ्यांना वरिष्ठ पदापर्यंत जाता येते का, हे कृपया कोणी सांगावे.

न्यायवाट
सुनंदाताई, येते; वाट मात्र अजून पूर्ण मोकळी झालेली नाही. नुपूर कुलश्रेष्ठ या १९९९ मध्ये दलात आल्या आणि दलातील पहिल्या महिला उपमहानिरीक्षक झाल्या. अल्पकालीन सेवेतील महिला अधिकाऱ्यांना कायम सेवा मिळावी, हा प्रश्न २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा न्यायालयाने केंद्र सरकारला अतिशय कडक शब्दांत जाब विचारला होता. माझे स्वतःचे मत स्पष्ट आहे. समुद्रावरची कमांड हीच जर वरच्या पदांची शिडी असेल, तर महिलांना जहाजांवरच्या नेमणुका पूर्ण प्रमाणात मिळाल्याशिवाय समानतेला अर्थ नाही. लेकीने अर्ज भरताना कोणत्या प्रवेशातून कोणत्या प्रकारची सेवा मिळते, हे अधिकृत जाहिरातीत नीट वाचावे.

नांगरधारी
ताई, मुलीला पोहण्याचा सराव आतापासून सुरू करायला सांगा आणि डोळे तपासून घ्या. लेखी परीक्षेत उत्तम गुण मिळवूनही वैद्यकीय तपासणीत परत आलेली मुले मी पाहिली आहेत. मुलाखतीत आपल्या किनाऱ्याविषयी विचारतात. रत्नागिरीच्या मुलीला तिथे अडायचे कारण नाही.

गगनभेदी
हवाई शाखेचा उल्लेख राहून गेला आहे. पठाणिया हे हेलिकॉप्टरचे वैमानिक होते आणि त्यांनी जहाजांचीही कमान सांभाळली होती, म्हणजे महासंचालकपदाकडे जाणारी वाट आकाशातूनही जाते. मे २०२१ मधल्या तौक्ते वादळात पालघरच्या किनाऱ्याजवळ अडकलेल्या ‘गॅल कन्स्ट्रक्टर’ या बार्जवरच्या (सपाट तळाच्या मोठ्या तराफ्यासारख्या नौकेवरच्या) १३७ जणांना तटरक्षक दल आणि नौदल यांच्या हेलिकॉप्टरांनी बाहेर काढले. त्याच वादळात पी-३०५ हे बार्ज बुडाले आणि अनेक माणसे दगावली. ती जखम मुंबई अजून विसरलेली नाही.

या कामाची किंमतही मोठी आहे. २ सप्टेंबर २०२४ रोजी पोरबंदरजवळ एका तेलवाहू जहाजावरच्या जखमी खलाशाला आणायला गेलेले दलाचे हेलिकॉप्टर रात्री समुद्रात कोसळले. चौघांपैकी एकच वाचला. ५ जानेवारी २०२५ रोजी पोरबंदरच्या विमानतळावर दुसरे हेलिकॉप्टर कोसळले आणि तिघांचा मृत्यू झाला. अशा रात्री उड्डाणाची परवानगी देणारा आणि सकाळी कुटुंबीयांना सामोरा जाणारा वरिष्ठ अधिकारीच असतो. माझ्या मते तो खऱ्या अर्थाने त्या खोलीत घडतो, जिथे हवामानाचा नकाशा समोर असतो आणि होय किंवा नाही एवढेच सांगायचे असते.

अनघा_पुणे
माझे यजमान या दलात होते, म्हणून घरची बाजू लिहिते. किनारपट्टीवरच्या लहान ठाण्यांत मुलांसाठी चांगली शाळा नसते, त्यामुळे अनेक कुटुंबे एका शहरात स्थिर होतात आणि अधिकारी एकटाच बदलीवर फिरतो. वादळाचा इशारा आला की शहरातले लोक घराची दारे लावून घेतात आणि आमच्या घरातला माणूस त्याच वेळी बाहेर पडतो. सागरवेध यांनी दिलेल्या यादीतले प्रत्येक ठिकाण म्हणजे एका कुटुंबाची नवी शाळा, नवे भाड्याचे घर किंवा दोन वर्षांचा दुरावा असतो. कारकीर्द वाचताना तेही वाचावे, एवढीच विनंती आहे.

हर्णैकर
अनघाताई, हे आपण लिहिलेत ते फार चांगले केलेत. आमच्या घरीही वादळाच्या रात्री बायका अशाच जाग्या असतात.

सागरवेध
सर्वांचे मनःपूर्वक आभार. नांगरधारी साहेबांचा क्रमाचा मुद्दा मला पटतो : लहान जहाजाची कमान आधी आणि ठाणे नंतर, हा क्रम उलटा झाला तर ठाणेप्रमुखाच्या शब्दाला समुद्रातल्या कप्तानाकडे वजन राहणार नाही. मृणालताईंनी मांडलेली विशेष शिक्षणाची बाजूही मी जोडून घेतो. तरीही मंडपमविषयीचे माझे मत कायम आहे आणि त्याचे कारण २६/११ नंतरच्या बदलात आहे. ‘कुबेर’ ही मासेमारी नौका पळवून दहशतवादी मुंबईपर्यंत आले. त्यानंतर किनारी पोलीस, मत्स्यव्यवसाय खाते, बंदरे, सीमाशुल्क आणि नौदल यांच्यासह काम करण्याची तटरक्षक दलाची जबाबदारी कितीतरी वाढली. या सर्वांना एका मेजाभोवती बसवणे, प्रत्येकाचा मान राखणे आणि मासेमारांना संशयित न मानता समुद्रावरचे आपले डोळे मानणे, हे वरिष्ठ अधिकाऱ्याचे रोजचे काम आहे. जहाजावर दिलेला हुकूम पाळला जातो, कारण तिथे सगळे एकाच दलाचे असतात. ठाण्यावर मात्र समोरचा माणूस दुसऱ्या खात्याचा किंवा कोणत्याच खात्याचा नसतो, त्यामुळे तिथे विश्वास मिळवावा लागतो.

हर्णैकर, तुमच्या बंदरात समुदाय संपर्क कार्यक्रम होतात का, आणि त्यांत तांडेलांच्या सूचना कोणी लिहून घेते का, हे सविस्तर लिहाल का?

हर्णैकर
होतात. जीवरक्षक जॅकेट, संकटात संदेश पाठवणारे यंत्र आणि नौकेची कागदपत्रे यांविषयी माहिती देतात आणि ती उपयोगी असते. सूचना लिहून घेणे मात्र येणाऱ्या अधिकाऱ्यावर अवलंबून असते. काही वर्षांपूर्वी आलेले एक तरुण अधिकारी वही घेऊनच बसले होते आणि रात्री कोणत्या पट्ट्यात अनोळखी नौका दिसतात, हे त्यांनी आमच्या वडीलधाऱ्यांकडून नकाशावर खुणा करून घेतले. ते आता कोणत्या हुद्द्यावर आहेत हे मला ठाऊक नाही, पण आमच्याकडचे जुने तांडेल त्यांची आठवण अजून काढतात. पुढच्या बैठकीचा सविस्तर वृत्तांत मी याच धाग्यावर देईन.